बारा मिलिमीटरचे भोक

भोक ही काही दिवाळी अंकात लिहावी अशी वस्तू नव्हे. चकलीच्या सोऱ्यात आणि अनारशाच्या जाळीत तिला जेवढा मान असेल तेवढाच. संपादकांनी काहीतरी हलकेफुलके, स्वतःविषयीचे पाठवा असे कळवले, तेव्हा मी आमच्या शाळेच्या घंटेवर लिहायला बसलो होतो. दोन पाने झालीही होती. पण गेल्या श्रावणात मामांबरोबर भोसरीला जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यात एकच भोक आहे. रुंदी १२ मिलिमीटर, म्हणजे साधारण करंगळी जाईल एवढी. खोली ४८० मिलिमीटर, म्हणजे हातभर. निदान तेवढी व्हायची होती. प्रत्यक्षात ते भोक ३१० वर थांबले आणि कायमचेच थांबले.

१९९६ साली मी मॅट्रिक झालो. गणितात काठावर आणि मराठीत वर्गात पहिला. म्हणजे पुढे काहीच करता येणार नाही अशी माझी स्थिती होती. वडिलांनी मला मामांच्या स्वाधीन केले. मामा भोसरीच्या एका कारखान्यात गनड्रिलच्या मशीनवर ऑपरेटर होते. त्यांच्या शब्दाखातर मला हेल्पर म्हणून घेतले. बुरा झाडायचा, टाकीतले तेल पाहायचे, जॉब पुसून ठेवायचा आणि मामांच्या मागे उभे राहून शिकायचे. महिना ९०० रुपये. पहिल्या पगारातून मी आईला पातळ घेतले आणि उरलेल्या पैशांत एका वाचनालयाची वर्गणी भरली. ही दुसरी गोष्ट मामांना सांगितली नव्हती.

गनड्रिल हे नाव बंदुकीवरून आले. बंदुकीच्या नळ्या पाडण्यासाठी ते हत्यार निघाले. सुताराकडचे गिरमीट किंवा आपण भिंतीला लावतो ते ड्रिल डोळ्यांपुढे आणू नका. त्याला दोन ओठ असतात आणि अंगावर पिळे असतात. गनड्रिल सरळसोट असते, स्वेटर विणायच्या सुईसारखे लांब, आणि त्याला कापणारा ओठ एकच. एका अंगाला टोकापासून शेवटपर्यंत त्रिकोणी खाच असते. पोटातून बारीक छिद्र गेलेले असते आणि त्यातून तेल आत रेटायचे, तेही पन्नास किलोच्या प्रेशरने. ते तेल टोकाशी पोचते, टोक थंड करते आणि कापलेला बुरा बरोबर घेऊन त्या खाचेतून परत येते. आत जायला एक वाट आणि बाहेर यायला दुसरी. बाहेरची वाट तुंबली की संपले.

यातली मला त्या वेळी फार आवडलेली गोष्ट वेगळीच होती. ओठ एकाच बाजूला असल्यामुळे हे ड्रिल कापताना दुसऱ्या बाजूला रेटले जाते. तिथे ते टेकते कशावर, तर स्वतःच नुकत्याच पाडलेल्या भोकाच्या भिंतीवर. भोक सरळ असेल तर ड्रिल सरळ जाते, आणि ड्रिल सरळ गेले तर भोक सरळ होते. फक्त सुरुवातीला भिंतच नसते, म्हणून पहिल्या बोटभर अंतरापुरते त्याला बाहेरून बुशचा आधार द्यावा लागतो. मामा म्हणत, "पहिलं बोटभर आपलं, पुढचं त्याचं." मी पुढे मास्तर झालो, आणि हे वाक्य शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात कसे नाही याचे मला अजून आश्चर्य वाटते.

साध्या पोलादात हे सगळे भराभर चालते. पण आमच्याकडे कधीकधी इन्कोनेल यायचे आणि ते आले की शॉपमधले वातावरण घरात वधूपक्षाची मंडळी यावीत तसे व्हायचे. इन्कोनेल ७१८ म्हणजे निम्म्याहून अधिक निकेल. बाकी क्रोमियम, लोखंड, पाच टक्क्यांच्या आसपास नायोबियम आणि इतर थोडेथोडे. हर्बर्ट आयझेलस्टाइन नावाच्या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाला त्याचे पेटंट १९६२ साली मिळाले. जेट विमानाच्या इंजिनात जिथे आग ओकत असते तिथे टिकावे म्हणून ते जन्माला आले. साडेसहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापले तरी त्याची ताकद फारशी ढळत नाही. एवढ्या तापमानाला साधे पोलाद कधीच मऊ पडलेले असते. जे आगीत मऊ पडत नाही ते ड्रिलच्या टोकाशी तरी कशाला मऊ पडेल? इंजिनातला त्याचा गुण तोच आमच्या मशीनवरचा त्याचा दोष.

मी एकदा मामांना विचारले होते, "फार टणक असतं का हो?"

"टणक कुठं? टणक परवडलं," मामा म्हणाले. "टणक धातू तोंडावर नाही म्हणतो. हा चिवट आहे. हा हो हो म्हणतो, आत घेतो, आणि तुम्ही जरा बेसावध झालात की आतल्या आत घट्ट होतो."

हे नुसते बोलणे नव्हते, त्यात शास्त्र होते. या धातूवर हत्याराची धार कापता कापता नुसती घासू लागली, तर घासलेला पृष्ठभाग आणखी कठीण होतो. मग बोथट धारेला त्या कठीण झालेल्या पापुद्र्यात शिरता येत नाही, म्हणून ती आणखी घासते, आणि पापुद्रा आणखी कठीण होतो. म्हणून इन्कोनेलमध्ये हळू जायचे, पण थबकायचे नाही. भीत भीत अगदी थोडे थोडे कापू, असे म्हणणाऱ्याचे ड्रिल सर्वांत आधी मोडते. शिवाय हा धातू उष्णता वाहून नेत नाही. पोलादाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याने नेतो. तांब्याच्या भांड्याचा कान लगेच भाजतो. इथे उलटे, जिथे घर्षण तिथेच सगळा ताप कोंडलेला, आणि तो ड्रिलच्या त्या नखाएवढ्या टोकाने सोसायचा.

आमच्या शाळेत उष्णतेचा धडा आला की मी मुलांना रम्फर्डची गोष्ट सांगतो. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांची भोके पाडताना तोफा एवढ्या तापतात कशा, हे त्याला कोडे होते. त्याने मुद्दाम बोथट सुळा घेतला, तोफेचा ओतीव ठोकळा पाण्यात बुडवला आणि घोड्यांकडून फिरवायला लावले. अडीच तासांनी ते पाणी, खाली जाळ नसताना, उकळू लागले. १७९८ साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि उष्णता ही कसलीतरी वस्तू आहे या समजुतीला धक्का बसला. मुलांना घोडे आवडतात. मी मात्र दर वर्षी "बोथट" या शब्दापाशी किंचित अडखळतो; ते अद्याप कोणा मुलाच्या लक्षात आलेले नाही.

निकेल हे नावच मुळी शिवीतून आले आहे. जर्मन खाणकामगारांना तांब्यासारखा लालसर दगड सापडे, पण भट्टीत घातला तर तांबे काही निघेना. तेव्हा खाणीतल्या भुताने तांबे नासवले असे म्हणून त्यांनी त्या भुताचे नाव दगडाला दिले. १७५१ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यातून नवा धातू काढला आणि त्याला भुताचेच नाव ठेवले. मामांना हे मी फार वर्षांनी सांगितले. ते म्हणाले, "बरोबर आहे."

आता त्या रात्रीचे सांगतो.

दिवाळीला आठ-दहा दिवस होते. रात्रपाळी. मशीनवर इन्कोनेलची कांब चढलेली होती, गिऱ्हाइकाने स्वतः पाठवलेली. मिनिटाला ५३० फेरे आणि दर फेऱ्याला पुढे सरकायचे ते ०.०१२ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा: मिनिटाला साडेसहा मिलिमीटरही होत नाही. हातभर भोकाला सव्वा तास. सव्वा तासात आतले काहीही दिसत नाही. दिसतो तो फक्त तेलाबरोबर बाहेर येणारा बुरा आणि ऐकू येतो तो आवाज. बुरा स्वल्पविरामासारखा बारीक, वाकडा यायला हवा. लांब लांब सुतळ्या येऊ लागल्या की समजावे, आत वाट तुंबणार. पण मामांचा विश्वास डोळ्यांपेक्षा कानांवर. ते लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मशीनच्या अंगाला टेकवून त्याची मूठ कानाला लावत आणि वैद्याने नाडी पाहावी तसे डोळे मिटत. चांगले चाललेले ड्रिल एकतारीसारखे एकाच सुरात गुणगुणते. बिघडू लागले की त्या सुरावर दुसरा, बारीक, किरकिरा सूर चढतो. आणि तो चढल्यापासून फार वेळ हातात नसतो.

भोक निम्म्यावर आल्यावर मामा म्हणाले, "मी चहा घेऊन येतो. दहा मिनिटं. आवाज बदलला की ते लाल बटण दाबायचं. विचार करायचा नाही, मला बोलवायला यायचं नाही. दाबायचं."

एवढे सांगून ते गेले. मी स्टुलावर बसलो आणि सदऱ्याच्या आतून कादंबरी काढली. कादंबरीचे नाव सांगत नाही. लेखक हयात नाहीत आणि त्यांचा काही अपराधही नाही. नायिका घर सोडून निघाली होती. दाराशी येऊन ती थांबली होती.

मी सर्वांना पुढे असे सांगितले की मला आवाज ऐकू आला नाही. फोरमनला सांगितले, आईला सांगितले, पुढे बायकोलाही सांगितले. मी सतरा वर्षांचा होतो, रात्रीचे दोन वाजले होते, शेजारी कॉम्प्रेसर चालू होता; लोकांना ते पटले. खरे असे आहे की मला आवाज स्वच्छ ऐकू आला. एकतारीवर तो किरकिरा सूर चढला तेव्हा माझी मान वरही झाली. पण पान संपायला चार ओळी उरल्या होत्या. चार ओळींना कितीसा वेळ लागतो? मी त्या वाचल्या. शेवटच्या ओळीवर असताना आत काहीतरी कडाडले, ड्रिलची नळी पिळलेल्या धोतरासारखी झाली, आणि मग फक्त तेलाचा पंप चालू राहिला. बटण मी दाबले, पण ते कशासाठी हे कोणीच सांगू शकले नसते.

टोक आत राहिले होते. ते ठिणग्यांच्या मशीनवर जाळून काढता आले असते, पण भोकाची भिंत ओरखडली गेली होती, आणि असा माल गिऱ्हाईक घेत नाही. कांबीची किंमत फोरमनने सकाळी सांगितली. माझ्या दोन वर्षांच्या पगाराहून अधिक होती. हेल्परला एकट्याला मशीनवर सोडणे नियमात बसत नव्हते. फोरमनने विचारले, "मशीनवर कोण होतं?" मी तोंड उघडण्यापूर्वी मामा म्हणाले, "मी. धार गेली. मला कळलं नाही."

मामांना कळले नाही, हे त्या शॉपमध्ये कोणालाही खरे वाटले नसेल. तरी लिहून तसेच घेतले. मामांना गनड्रिलवरून काढून साध्या ड्रिलवर टाकले. त्या वर्षीची पगारवाढ गेली, आणि पुढे फोरमनच्या जागेसाठी त्यांचे नाव कधी निघाले नाही. साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले तेव्हाही साध्या ड्रिलवरच होते. चौदा वर्षे पत्र्याच्या पट्ट्यांना भोके पाडत होते. मी चौथ्या दिवशी नोकरी सोडून गावी आलो. एका लहानशा खाजगी शाळेला मॅट्रिक झालेला मास्तर चालत होता. तिथे चिकटलो तो अजून आहे.

मग मी कादंबऱ्या लिहू लागलो. दुसऱ्या कादंबरीत एक कारखाना आहे. त्यात रात्रपाळीला एक ड्रिल मोडते. नायक दमलेला, मालक निष्ठुर, आणि ड्रिल मोडते ते वीज अचानक गेल्यामुळे. एका परीक्षणात त्या प्रकरणाला अस्सल अनुभवाचा स्पर्श असल्याचे म्हटले होते. त्या कादंबरीची प्रत मी मामांना दिली. मामींनी तिला ब्राऊनपेपरचे कव्हर घातले. मामांनी ती वाचली की नाही हे मला ठाऊक नव्हते, आणि विचारण्याचे धैर्य नव्हते.

मामा आता पंचाहत्तरीला टेकले आहेत. आयुष्यभर ज्या कानांवर पोट भरले ते कान गेले. डावा पार, उजव्याला यंत्र आहे. मामेभावाने भोसरीत लहानसे शॉप टाकले आहे. एक जुने संगणकावर चालणारे गनड्रिलचे मशीन त्याने घेतले आणि वडिलांनी ते पाहावे अशी त्याची फार इच्छा. म्हणून आम्ही दोघे श्रावणातल्या एका रविवारी एस.टी.ने गेलो.

मशीनवर निकेलचाच जॉब होता. पडद्यावर एक रेघ सरकत होती. मामेभावाने समजावले की ही रेघ म्हणजे ड्रिलवर किती ताण आहे ते; ती ठरवलेल्या मर्यादेवर गेली की मशीन आपोआप थांबते. तेलाचे प्रेशर चढले तरी थांबते. माणसाने ऐकायला नको. मामा पडद्याकडे पाहीनात. त्यांनी ट्रेमधून एक लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, सवयीने डाव्या कानाला लावला, मग आठवण होऊन उजव्याला लावला. यंत्र कर्कश शिटी वाजवू लागले. मामेभाऊ हसला, मामाही हसले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर ठेवून दिला आणि मशीनवर नुसता पंजा टेकवून उभे राहिले.

पाचएक मिनिटांनी ते एकाएकी म्हणाले, "आता थांबव." मामेभाऊ म्हणाला, "अहो, रेघ ठीक आहे." एवढ्यात रेघ चढली आणि मशीन स्वतःच थांबले. ड्रिल बाहेर काढून पाहिले तर ओठाचा तिळाएवढा तुकडा उडाला होता. त्याने दुसरे बसवले आणि काम पुढे सुरू झाले. कोणी कोणाला विचारले नाही, मशीनवर कोण होते.

परतताना आम्ही नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. मामा म्हणाले, "त्या दिवशी किती गेलं होतं?"

"तीनशे दहा," मी म्हणालो. त्या दिवसाविषयी आमच्यात झालेले हे पहिलेच बोलणे. मग मी सांगून टाकले. पण मामांना ऐकू येईना. रस्त्यावरून ट्रक चालले होते. जी गोष्ट जवळजवळ तीस वर्षे मी कोणाच्या कानातही सांगितली नव्हती, ती मला भोसरीच्या हमरस्त्यावर ओरडून सांगावी लागली. "मला ऐकू आलं होतं! आवाज! मी वाचत होतो!" रांगेतल्या दोन बायका वळून पाहू लागल्या. एक पोरगा कानातली बोंडे काढून पाहू लागला.

मामा बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मला वाटले, अजूनही पोचले नाही. पुन्हा ओरडावे लागणार.

"मलाही आला होता," ते म्हणाले.

"काय?"

"आवाज. टपरी भिंतीला लागूनच होती ना. पत्र्याची भिंत. मला पहिल्यांदाच ऐकू आला, तुझ्याही आधी असेल. अर्धा ग्लास चहा उरला होता. म्हटलं, पोरगं आहे तिथं, दाबील बटण. चहा गरम होता."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. त्यांनी दोष अंगावर घेतला हा उपकार मी इतकी वर्षे वागवत होतो, आणि त्यांच्या बाजूने तो उपकार नव्हताच. फोरमनपुढे ते जे बोलले त्यातले "मला कळलं नाही" एवढेच खोटे होते. आमच्या दोघांचेही खोटे तेच, एकाच अर्थाचे; आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवले होते.

"कादंबरीत तू वीज घालवलीस," मामा म्हणाले. "मी म्हटलं, बरं झालं. याला माहीत नाही."

गाडी आली. गर्दी होती; जागा एकच मिळाली. मामा बसले आणि मी त्यांच्याजवळ दांडी धरून उभा राहिलो. मोशी गेली, चाकण गेले. मामांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असे समजून मी तिकिटाचे पैसे मोजत होतो, तेवढ्यात त्यांनी माझी बाही ओढली.

"त्या चार ओळींत होतं काय रे एवढं?"

मी आठवून पाहिले. नायिका दाराशी थांबली होती, एवढे आठवले. पुढचा एक शब्दही आठवेना.